आईने ओळखलेला वास

जुलैचा पहिला आठवडा. दुपारचे चार वाजले असतील. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात वसलेल्या टूसॉनच्या आमच्या घराच्या मागच्या दारात आई उभी होती. दक्षिणेला आभाळ भरून आलं होतं, लांबवर पावसाचे राखाडी पडदे लोंबत होते, पण आमच्या अंगणात अजून थेंब नव्हता. मग वारा सुटला आणि वाऱ्याबरोबर तो वास आला. ज्या वासासाठी मी तिला हट्टाने जुलैपर्यंत थांबवून घेतलं होतं, तोच. मी काही सांगणार इतक्यात तीच म्हणाली, "काय गं, इथे जवळपास रेल्वेचं काम चाललंय का?"

आईचं माहेर मिरजेचं. आजोबा रेल्वेत होते, तिचं सगळं लहानपण रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये गेलं. त्या काळी रुळांखाली लाकडी स्लीपर असत. लाकूड कुजू नये, वाळवी लागू नये म्हणून ते एका काळ्या तेलात मुरवलेले असत. उन्हाळ्यात दुपारी ते तेल तापून पाझरायचं आणि त्याचा उग्र, डांबरासारखा, तरी कुठेतरी कापराकडे झुकणारा वास घरापर्यंत यायचा. त्या तेलाला क्रिओसोट म्हणतात. आणि टूसॉनच्या आसपास मैलोन्‌मैल पसरलेल्या ज्या झुडपाचा वास आईला आला होता, त्याचं इंग्रजी नाव आहे क्रिओसोट बुश. झुडपात ते तेल औषधालाही नाही. वास तसा येतो, एवढ्यावरून पडलेलं नाव. आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते नाव ज्या कुणी पहिल्यांदा दिलं असेल, त्याचं नाक आणि माझ्या आईचं नाक एकाच जागी येऊन थांबलं होतं.

आम्ही पुण्याला परतलो त्याला आता पाच वर्षं होतील. तिथल्या नऊ वर्षांतल्या पुष्कळ गोष्टी हळूहळू पुसट होत चालल्यात, रस्त्यांची नावंसुद्धा. तो वास मात्र अजून हवासा वाटतो, भूक लागल्यासारखा. म्हणून मी तो कुप्यांमधून शोधायला लागले. परफ्यूमचे शौकीन मोठ्या बाटलीतलं थोडं थोडं काढून दोन-दोन मिलिलिटरच्या नळ्यांमध्ये विकतात. अशा नळ्या गोळा करत गेले. ज्याच्या नावात, जाहिरातीत किंवा वर्णनात वाळवंट आहे, ते मागवायचं. मनगटावर लावायचं, डोळे मिटायचे आणि थांबायचं.

मी रत्नागिरीची. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, टूसॉनला जेमतेम तीनशे. म्हणजे तिथला वर्षाचा पाऊस आमच्याकडे जुलैच्या आठ-दहा दिवसांत पडून जातो. त्यामुळे तिथला पहिला जून मला आठवतो तो भकास म्हणून. हवेतली आर्द्रता दहा टक्क्यांच्याही खाली जायची. दोरीवर घातलेली चादर दुसरी चादर पिळून होईपर्यंत वाळलेली. आणि कशालाच वास नाही! मातीला नाही, दगडाला नाही, झाडांना नाही. कोकणात नाक कधी रिकामं राहतच नाही. शेवाळ, कुजणारा पालापाचोळा, काजूची बोंडं, सुकत घातलेली मासळी, ओलं गवत, सतत काहीतरी चालू असतं. इथे नाक आतून कोरडं पडलेलं आणि बाहेर वाससुद्धा नाही. वास यायला ओल लागते, हे मला तिथे कळलं. ओल नसली की सगळ्या वस्तू आपापला वास आत धरून गप्प बसतात.

मग जुलैत मान्सून आला. हो, तिथेही त्याला मान्सूनच म्हणतात. 2008 पासून तिथल्या हवामान खात्याने 15 जून ते 30 सप्टेंबर असा त्याचा काळ ठरवून टाकलाय. मूळ शब्द अरबी 'मौसिम', आपला मोसम. अरब खलाशी ज्या वाऱ्यांवर शिडं उभारून आमच्या किनाऱ्याला लागायचे, त्या वाऱ्यांचं नाव अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात भेटावं याचा मला फार आनंद झाला होता. तिथल्या मूळच्या तोहोनो ओओदम लोकांचं नवं वर्षही याच सुमाराला सुरू होतं. जूनमध्ये सवारो निवडुंगाची फळं पिकतात. वाळलेल्या सवारोच्याच फासळ्यांची लांब काठी करून ती पाडतात, त्यांचा रस आंबवून दारू करतात आणि पावसाला बोलावतात. क्रिओसोटच्या झुडपाला ते शेगोई म्हणतात, औषधाला वापरतात. मेक्सिकोत स्पॅनिशमध्ये त्याला 'एदिओंदिया' असंही नाव आहे, म्हणजे घाणेरडी, वास मारणारी. मला ते नाव कधीच पटलं नाही.

झुडूप दिसायला साधं, कमरेएवढं, कधी डोक्याएवढं. पानं नखाएवढी, जोडीजोडीने, वर चिकट रोगण दिल्यासारखी चकाकी. ते रोगण म्हणजेच राळ. पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडाने स्वतःवर चढवलेला लेप. कोरड्या दिवसांत पान चुरडलं तर बोटांना थोडा वास येतो, बस्स. पण हवेत ओल आली की तो लेप सुटायला लागतो आणि शेकडो चौरस मैलांवरची झुडपं एकदम श्वास सोडतात. म्हणून पाऊस वीस मैलांवर असतानाच वास आधी येतो. टूसॉनचे लोक याची डहाळी न्हाणीघरात शॉवरला टांगून ठेवतात, वाफेने वास सुटतो. आम्हीही टांगायचो. आमच्याकडच्या पाहुण्यांना ते बघून दृष्ट काढल्यासारखं वाटायचं.

आता कुप्यांकडे येते.

वाळवंटाचा परफ्यूम म्हटलं की जाणकार पहिलं नाव घेतात ते 'लेर द्यू देझेर मारोकँ'चं, मोरोक्कोच्या वाळवंटातली हवा. झुरिकच्या अँडी टाउअर यांनी तो 2005मध्ये काढला. ते मूळचे रसायनशास्त्रज्ञ, सुगंध रचायला स्वतःचे स्वतःच शिकले. या परफ्यूमबद्दल मी इतकं वाचलं होतं की नळी उघडताना हात थरथरला. मनगटावर दोन थेंब लावले आणि दुसऱ्या क्षणी स्वयंपाकघरात उभी होते. धने आणि जिरे. तव्यावर कोरडे भाजून, अजून कोमट असताना खलबत्त्यात घातलेले. मी पुन्हा हुंगलं. चूक नव्हती, त्याच्या घटकांत धने-जिरे आहेतच. युरोपातल्या नाकाला त्यात मोरोक्कोचा बाजार, उंटांचा तांडा, परकी रात्र दिसत असेल. मला आमटीची तयारी दिसली.

पण मी हात धुतला नाही, आणि ते बरं झालं. वीस मिनिटांनी मसाला मागे सरला आणि खालून एक कोरडा, लाकडी, राळेचा वास वर आला. देवदार, वाळा, आणि लॅबडॅनम. लॅबडॅनम ही भूमध्य समुद्राकाठच्या एका चिकट झुडपाची राळ. पूर्वी क्रीट आणि सायप्रसमध्ये शेळ्या त्या झुडपांत चरायच्या, राळ त्यांच्या दाढीला चिकटायची आणि माणसं ती दाढीतून विंचरून काढायची. तेही उन्हापासून स्वतःला वाचवायला राळ पांघरणारं झुडूप, शेगोईसारखंच! हे कळलं तेव्हा मला वाटलं, चला, आपण योग्य दाराशी आलो आहोत. संध्याकाळपर्यंत मनगटावर जे उरलं ते अतिशय सुंदर होतं. उन्हात दिवसभर तापलेल्या भिंतीला रात्री पाठ टेकावी तसं. पण त्यात माणूस होता, त्याची चूल होती, त्याची शाल होती. माझ्या वाळवंटात माणूस नव्हता.

'टिंबक्टू'चं असंच झालं. लार्तिझां पार्फ्यूमरचा हा परफ्यूम बेर्त्राँ द्यूशोफूर यांनी 2004मध्ये रचला. मालीतल्या बायका सुगंधी लाकूड-मुळ्यांचा धूप घालतात, त्याला वुसुलान म्हणतात. त्यावरून ही रचना सुचलेली. रचना सुकी, धुरकट, मला फारच आवडली, पण तिची सुरुवात कैरीने होते. रत्नागिरीच्या माणसाच्या मनगटाला कैरीचा वास आल्यावर ते मनगट सहाराला जाईल का? ते सरळ आमच्या वाडीतल्या कलमाखाली गेलं आणि तिथेच बसून राहिलं.

बाकीचे बहुतेक परफ्यूम ऊद-धुपाचे निघाले. अरबी वाळवंट म्हटलं की लोबान आलाच, आणि तो यायलाच हवा. ओमानच्या धोफार प्रांतात त्याची झाडं आहेत. खोडाची साल जराशी खरवडतात, पांढरा चीक बाहेर येतो, दोनेक आठवडे उन्हावाऱ्यात घट्ट होतो आणि मग ते अश्रूंसारखे खडे काढून घेतात. वादी दौका इथली झाडं 2000पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. आपला नैर्ऋत्य मान्सून वाटेत धोफारच्या डोंगरांना हलकेच शिवून जातो. जून ते सप्टेंबर तिथे धुकं आणि झिमझिम असते. त्या मोसमाला ते लोक खरीफ म्हणतात, म्हणजे आपला खरीपच. डोंगराचा समुद्राकडचा उतार त्या दिवसांत हिरवागार होतो, पण उत्तम लोबान येतो तो डोंगरापलीकडच्या झाडांना, जिथे धुकं पोचत नाही. ओल हाकेच्या अंतरावर, पण हाताला लागत नाही, अशा जागी.

हे सगळं मला मनापासून आवडतं. पण लोबानाचा परफ्यूम लावला की मी धोफारला पोचत नाही. तिन्हीसांजेला आजी धुपाटणं घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायची, निखाऱ्यावर ऊद टाकायची, आणि आम्ही डोळे चोळत रामरक्षा म्हणायचो, तिथे पोचते. गणपतीच्या आरतीला पोचते. आपल्या सातपुड्यातला सालई हा लोबानाचाच सख्खा भाऊ, त्याचा डिंकही धुपात जातो. ज्या वासावर लहानपणीच घराने आपलं नाव घातलंय, तो वास दुसऱ्या कुठल्या जागेचा होत नाही. किती का महागाचा असेना.

एका परफ्यूमच्या पाटीवर तर थेट वाळवंटातला पाऊस असंच लिहिलं होतं. मी त्याची आठवडाभर वाट पाहिली. उघडला तर काकडी, कलिंगड आणि धुतलेल्या कपड्यांचा वास. पावसाचा वास म्हणजे पाण्याचा वास, असा बनवणाऱ्यांचा समज होता. पाण्याला वास कुठे असतो? वास असतो तो पाणी ज्याच्यावर पडतं त्याला. त्या दिवशी मी खरोखर निराश झाले.

दगडाच्या बाबतीत मात्र मला एकाने जिंकलं. हर्मेसचा 'तेर द'हर्मेस', 2006, झाँ-क्लोद एलेना यांची रचना. पुरुषांसाठीचा म्हणून विकतात, मी बिनधास्त लावते. संत्र्याची साल, मिरी, वाळा आणि या सगळ्याच्या मधोमध गारगोटी. लहानपणी आम्ही रात्री लाइट गेली की दोन पांढऱ्या गारगोट्या एकमेकींवर घासायचो. आत फिकट उजेड चमकायचा आणि मग दगड नाकाशी नेला की एक जळका, कोरडा, बंदुकीच्या दारूसारखा वास यायचा. तो वास या परफ्यूममध्ये आहे. टूसॉनला गावाच्या कडेलाच टुमामॉक नावाची टेकडी आहे. तिच्यावर 1903पासूनची वाळवंटी वनस्पतींची प्रयोगशाळा आहे आणि पहाटे-संध्याकाळी गावातले लोक ती टेकडी चढतात. टेकडीचे दगड काळे, ज्वालामुखीतले, सह्याद्रीची आठवण करून देणारे. मे महिन्यात सूर्य मावळल्यावर चढलं तरी ते दगड धग फेकत असायचे. त्या धगीला वास नसतो, पण असता तर तो 'तेर'मधल्या गारगोटीसारखा असता, असं मला वाटतं. म्हणजे वाळवंटाची कोरडी बाजू सापडली. उरली ती ओली.

तिचा पत्ता मला भेंडीबाजारातल्या एका अत्तराच्या दुकानात लागला. दुकान म्हणजे काय, बाकड्याएवढी जागा आणि मागे भिंतभर काचेच्या बुधल्या. गादीवर बसलेले चाचा मूळचे खेडचे निघाले. मी रत्नागिरीची म्हटल्यावर सगळं बोलणं कोकणच्या मराठीतच झालं. मी त्यांना म्हटलं, मिट्टीचं अत्तर दाखवा. त्यांनी काचेची कांडी बुडवून माझ्या मनगटाला टेकवली. ऑगस्टचे दिवस, बाहेर मुंबईचा पाऊस धो धो कोसळत होता. मी हुंगलं. चंदन कळलं, त्यामागे काहीतरी मातकट कळलं, बाकी काही नाही. माझा चेहरा बघून चाचा म्हणाले, "आता लावू नको हे, बाय. पावसात मातीला मातीचा वास कसा येल? घेऊन जा, नि वैशाखात लाव. अंग तापलेलं असताना."

मिट्टी अत्तर कन्नौजला करतात. तळ्यातली चिकणमाती काढून तिच्या चकत्या किंवा भांडी थापतात आणि भट्टीत भाजतात. भाजलेली माती तांब्याच्या मोठ्या देगीत पाण्याबरोबर घालतात, झाकण मातीनेच लिंपून बंद करतात, खाली विस्तव. वर येणारी वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे वाफ धरणाऱ्या भांड्यात, उतरते. भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं, आणि तो गार पाण्याच्या हौदात बसवलेला असतो. वाफ थंड होते, वास तेलात मुरतो. पुन्हा पुन्हा तेच, तेल वासाने पुरतं भरेपर्यंत. ओल्या मातीचा वास हवाय तर आधी ती भाजायची कशाला, असं मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं होतं. चाचांचं बोलणं ऐकल्यावर कोडं सुटलं.

1964मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये या वासावर लेख लिहिला आणि त्याला पेट्रिकोर हे नाव दिलं. ग्रीक भाषेत पेत्रा म्हणजे दगड आणि इकोर म्हणजे देवांच्या अंगातलं रक्त. आपल्याला मृद्‌गंध आधीपासून होताच. त्यांचं म्हणणं असं, की कोरड्या दिवसांत झाडापानांतून हवेत गेलेली तेलं दगडामातीच्या बारीक छिद्रांत साठत राहतात आणि ओल येताच बाहेर पडतात. दुष्काळ जितका लांबला तितका साठा जास्त. त्या लेखात त्यांनी आपल्या मातीच्या अत्तराचा उल्लेखही केलाय. मातीतल्या सूक्ष्मजीवांनी बनवलेलं जिओस्मिनही या वासात असतं. बीट चिरताना जो मातकट वास येतो, तेच ते. माणसाचं नाक त्याला विलक्षण तीक्ष्ण असतं, अब्जांशापेक्षाही कमी असलं तरी ते हेरतं. 2015मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने दाखवलं, की थेंब सच्छिद्र मातीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि वास तुषारांवर बसून हवेत उडतो. मुसळधार पावसात हे कमी घडतं, हलक्या सरीत जास्त. रत्नागिरीच्या आषाढात मातीचा वास का येत नाही आणि वळवाच्या चार थेंबांनी का वेड लागतं, त्याचं उत्तर इतकं सरळ आहे.

कन्नौजचे कारागीर माती भाजतात म्हणजे काय करतात? ते तिला उन्हाळा देतात. भट्टीत मातीचा वैशाख करतात आणि देगीत तिचा मृग. युरोपातल्या इतक्या हुशार माणसांच्या कुप्यांत मला जे मिळालं नाही, ते यांच्याकडे आहे, कारण यांनी आधी कोरडं केलं. बाकीच्यांनी वाळवंटातल्या वस्तू गोळा केल्या: राळ, मसाले, धूप, लाकूड. यांनी वाट पाहणंच कुपीत घातलं. माझ्या मते वाळवंटाचा वास तोच आहे. नऊ-दहा महिने काही नाही, आणि मग एका दुपारी सगळं.

आई आता आमच्याकडेच असते. गेल्या मे महिन्यात टूसॉनच्या मैत्रिणीने एका येणाऱ्याबरोबर मलमाची डबी पाठवली. शेगोईची पानं तेलात मुरवून त्यात मेण घातलेलं हिरवट मलम. तिकडच्या शेतकरी बाजारात मिळतं, सांधेदुखीला लावतात. त्या दिवशी पुण्यात पारा चाळिशीच्या पुढे होता. पाच वाजता मी गच्चीवर गेले. शहाबादी फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. डाव्या मनगटाला मिट्टी लावलं, उजव्याला ते मलम चोळलं, आणि बादलीतलं पाणी ओंजळीने फरशीवर शिंपडलं, अंगणात सडा घालतात तसं. फरशी चुरचुरली. वाफ वर आली, तिच्याबरोबर कुंडीतली तापलेली माती, तिच्याबरोबर दगड, आणि माझी दोन्ही मनगटं.

आई सावलीत खुर्चीवर बसली होती. मी उजवा हात तिच्यापुढे धरला.

"हे कुठलं गं?"

"टूसॉनचं."

तिने माझं मनगट दोन्ही हातांत धरलं आणि पुन्हा नाकाशी नेलं. बराच वेळ तिथेच ठेवलं.

"बाबा ड्यूटीवरून आले की दारात बूट काढायचे," ती म्हणाली. "त्या बुटांना यायचा."

पाणी वाळलं होतं. मी उठून आणखी एक ओंजळ टाकली.